चपलांची सुंगटं

प्लास्टिकची चप्पल वितळताना जो वास सुटतो, तो एकदा नाकात बसला की निघत नाही. आजही कुठे कचरा पेटवलेला असला आणि त्यात प्लास्टिक असलं, की मला आधी बाबा आठवतात आणि मग मी नाकाला पदर लावून वाट बदलते. बाबांची आठवण गोड आहे. तरीही बदलते.

आमचं घर मालवणच्या दक्षिणेला, खाडी समुद्राला मिळते तिथून हाकेच्या अंतरावर. बाबा रापणीच्या मोठ्या जाळ्याला कधी गेले नाहीत. "धा जणांच्या आरडाओरडीत माका मासो दिसणा नाय," म्हणायचे. त्यांची एक छोटी होडी होती, एक पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं होतं, आणि गरी होती, म्हणजे हाताने धरायची दोरी आणि तिला गळ. सकाळी पाग फेकून खाडीतली जिवंत सुंगटं धरायची. सुंगटं म्हणजे कोळंबी. ती गळाला लावायची आणि खडकांच्या कडेने चोणक धरायचा. चोणक हा मोठ्या तोंडाचा, मोठ्या रागाचा मासा. लागला की होडीसकट ओढतो. बाबांचं सगळं सुख त्या ओढीत होतं. मासा विकायचं काम माझं. नवरा बोटीवर खलाशी, सासरी दुसरं कोणी नाही, म्हणून मी माहेरीच राहायची आणि बाजारात बसायची. बाजारात माझ्या तोंडाला लागायला गिऱ्हाईकं घाबरत. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीला एके दिवशी बाबांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरले, बोलणं सावरलं, पण डावा हात लुळाच राहिला. एका हाताने गरी धरता येते, पायाच्या अंगठ्याला दोरी गुंडाळून मासा ओढताही येतो. पण पाग फेकायला दोन्ही हात लागतात, वर दातही लागतात. पाग नाही तर सुंगटं नाहीत, सुंगटं नाहीत तर मासा नाही.

मी पाग फेकून पाहिली. ती हवेत उघडायची सोडून ओल्या टॉवेलासारखी पाण्यात पडली. शेजारचे काका म्हणाले, मी देतो रोज चार सुंगटं. त्यावर बाबा म्हणाले, "मागून आणलेल्या आमिषान धरलेलो मासो घशाखाली उतरणा नाय." एवढा ताठा एका हाताच्या माणसाला परवडत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते हसले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

मे महिन्यात धाकटा भाऊ मुंबईहून बायकोमुलांना घेऊन आला. तो गिरणीत होता. मनाने चांगला, पण चाकरमान्याला गाव कसा चालवायचा हे गावात राहणाऱ्यापेक्षा जास्त कळतं, तसं त्यालाही कळत होतं. "बाबा, होडी इकूया आणि तुमी मुंबयक चला. हंय एकटे रवान काय करतलास?"

"एकटे? मगे मी काय भूत आसंय?" मी विचारलं.

"तसा न्हय गो. होडी नुसती कुसता. चतुर्थीक येतंय, तेवा ठरवया."

 भाऊ गेल्यावर बाबा पेज पुढ्यात घेऊन बसले आणि तशीच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशीही तेच. मी ओरडले तेव्हा एवढंच म्हणाले, "चेडवा, हाताक ओढ लागूची बंद झाली काय माणूस संपलो." ते असं काही बोलणारे नव्हते, म्हणून मी घाबरले. चतुर्थीपर्यंत त्यांच्या हाताला ओढ लागली पाहिजे, नाहीतर होडी जाईल आणि होडीमागून बाबा जातील, हे मला दिसत होतं.

भावाची मुलं जाताना तुटक्या चपला टाकून गेली होती. मऊ, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या, गावात नवलाच्या. त्यातली एक मी चुलीत टाकायला घेतली आणि तिचा पट्टा बोटांत वाकवून पाहिला. मऊ, ओलसर दिसणारा, सोडला की उसळी घेणारा. थेट सुंगटासारखा. एवढ्यावरून सगळं सुरू झालं.

पहिली चप्पल पत्र्याच्या डब्यात घालून चुलीवर ठेवली आणि ती जळून कोळसा झाली. दुसरीत मी शहाणपण करून खोबरेल ओतलं. तेल वर, प्लास्टिक खाली, धूर मधे. शेजारपाजारच्या बायका नाकाला पदर लावून विचारायला आल्या, कोण मेलं म्हणून. मग कळलं की जाळ नकोच. नारळाच्या सोडणांचे निखारे राखेखाली धरून ठेवायचे आणि बाभळीच्या काटकीने ढवळत बसायचं. प्लास्टिक हळूहळू मधासारखं होतं. बुडबुडे यायला लागले की उतरवायचं, एक क्षण उशीर झाला की पिवळं पडतं.

साच्याला समुद्रफेस. माकूल नावाच्या मऊ अंगाच्या माशाच्या पाठीतलं ते पांढरं, हलकं हाड पावसाळ्यात किनाऱ्यावर हवं तेवढं येऊन पडतं. नखानेही कोरलं जातं आणि आच सोसतं. आमच्या आईची अंगठी सोनाराने त्यातच ओतली होती, ते मी लहानपणी पाहिलं होतं. दोन तुकडे दगडावर घासून सपाट केले, मधे खरं सुंगट दाबून ठसा घेतला, मिशा सुईने कोरल्या. समुद्रफेसाला अंगच्याच बारीक रेघा असतात. त्या प्लास्टिकवर उठल्या आणि सुंगटाच्या पाठीवरच्या कवचाच्या वळ्यांसारख्या दिसल्या. ते मी केलं नव्हतं, पण श्रेय मी घेतलं.

रंगाचे फार हाल झाले. शिजलेलं सुंगट तांबडं असतं म्हणून मी पहिल्या घाण्यात शेंदूर घातला. तो पाहून बाबा कितीतरी दिवसांनी हसले. "ह्या कढीतला झाला गो. मासो काय तुझ्या घरात जेवक येता?" जिवंत सुंगटाचा रंग पाण्यासारखाच असतो, थोडा हिरवट, थोडा राखाडी. चिमटीच्या टोकाला येईल एवढं काजळ, त्याहून कमी हळद. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद बारीक कातरून घातला की अंगात चमक यायची. डोळ्यांना काळ्या मोहरीचे दोन दाणे, प्लास्टिक गरम असतानाच टोचायचे. डोळे बसले की ते माझ्याकडे बघायला लागायचं आणि मला उगाच चोरी केल्यासारखं वाटायचं.

वजन सगळ्यात अवघड. गळ आतच ओतलेला असायचा, नवऱ्याने परदेशच्या बंदरातून आणलेला. पण वजनाशिवाय सुंगट पाण्यावर पाठ टेकून तरंगायचं. शिसं हवं होतं आणि घरात शिसं एकाच ठिकाणी होतं. बाबांच्या पागेच्या काठाला ओळीने मणी ओवलेले होते. पाग खुंटीवर टांगलेली. मी भिंतीकडच्या बाजूचे मणी कापायला सुरुवात केली, एका वेळी एक. बाबा विहिरीवर गेले की कापायची. मणी ठोकून चपटा करायचा आणि गळाच्या दांडीवर चिमटवायचा. डोक्याकडे बसला तर सुंगट दारुड्यासारखं तोंडावर पडे. शेपटीकडे बसला तर बूड टेकून बसे. विहिरीजवळच्या दगडी डोणीत मी दिवसभर ती बुडवून बघत होते.

बाबा लांबून बघत. तोंडाने नावं ठेवत आणि पाय त्यांना डोणीजवळ आणत. "सुंगट भियाला काय मागे उडी मारता," एकदा न राहवून म्हणाले. "वजन पोटाखाली घाल, वायच डोक्याक लागून. आणि दोरी शेपटेक बांध." तसं केलं. दोरीला झटका दिला की सुंगट मागे उडी मारायचं आणि मग हलत हलत तळाला बसायचं. आम्ही दोघंही बघत राहिलो. मग ते घरात गेले, उजव्या हाताने पाग खुंटीवरून थोडी उचलली आणि परत सोडली. "हलकी झाली," म्हणाले. एवढंच. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उशाशी कापलेल्या मण्यांची पुरचुंडी होती. एका हाताने आणि दातांनी त्यांनी उरलेले सगळे मणी स्वतः काढले होते.

मला वाटलं, जिंकले. पण होडीत बसायची वेळ आली आणि बाबा अडून बसले. "ह्या माका पटणा नाय. जेवक बोलवून रिकामा पान वाढूचा नाय, चेडवा."

त्यांचं म्हणणं असं, की गळाला खरं सुंगट लावलं की तो सरळ व्यवहार असतो. कितीतरी मासे येतात, खाऊन जातात, त्यातला एखादा सापडतो. आपण वाढतो, तो जेवतो, पुढचं ज्याच्या त्याच्या नशिबाचं. पण पानात काहीच नाही आणि वर पाहुण्याला दोरी, हे काय? मी म्हटलं, माशाला कसलं आलंय पान? ते म्हणाले, माशाला नसेल, मला आहे.

माझा ताबा सुटला. "मगे जावा मुंबयक! थंय नळाखाली बसा गरी सोडून!" असं मी बापाला म्हटलं.  ते उठले, तांदळाच्या डब्यात हात घातला, मूठभर तांदूळ पंचाच्या टोकाला बांधले आणि होडीकडे चालू लागले. मी वल्हवत होते. खडकाजवळ आल्यावर त्यांनी ते तांदूळ पाण्यात सोडले, पान वाढल्यावर म्हणतो तसं हळूच म्हणाले, "जेवा बाबांनो," आणि मग दोरी टाकली.

पहिला चोणक लागला तेव्हा त्यांचं तोंड असं उजळलं की मी वल्हं सोडून रडले. दोरी अंगठ्याला करकचली, होडी गोल फिरली आणि बाबा ओरडत होते, "सोडू नको, सोडू नको!" धरून ते होते, मी नाही. चतुर्थीला भाऊ आला तेव्हा होडी विकायचा विषय निघाला नाही. त्याला आम्ही चोणकाचं तिखलं घातलं, गणपती पोचवून झाल्यावर. जेवून तो एवढंच म्हणाला की पोरांच्या चपला आता जपून ठेवतो.

त्यानंतरच्या हंगामभर मी किती सुंगटं ओतली, मला ठाऊक नाही. वाडीतले लोक मागायला आले, मी दिली. बाजारात बायका म्हणायच्या, हिच्या हाताला गुण आहे. मी मान ताठ करून हिंडायची. पण प्रत्येक वेळी बाबा तांदूळ सोडत आणि प्रत्येक वेळी मी दुसरीकडे बघे. पेजेतले तांदूळ पाण्यात जातात म्हणून मला राग यायचा, आणि ते सोडले नाहीत तर काय, या विचाराने भीती वाटायची. मासा विळीवर घेताना मी त्याच्या डोळ्यांकडे बघणं टाळायची. अपराधी वाटायचं. कोणाला सांगणार? माशाला फसवलं म्हणून रडणारी कोळीण! लोकांनी पोट धरून हसायचंच बाकी राहिलं असतं.

दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला, भाद्रपदात, एक चोणक लागला. लागला, पण ओढ नव्हती. ओलं फडकं वर यावं तसा आला. डोकं मोठ्या माशाचं, आणि मागे अंग म्हणजे काटा नि कातडं. विकायला न्यायची लाज, म्हणून मी घरीच विळीवर घेतला. बाबा समोर उंबऱ्यावर बसले होते. पोट चिरलं आणि आतून माझी सुंगटं निघाली. तीन, एकमेकांत अडकलेली, दोऱ्या तुटलेली. गळ गंजून गेले होते. सुंगटांना काही झालं नव्हतं. चमक तशीच होती, रंग तसाच, मोहरीचे डोळेही जागच्या जागी. पोट भरलेलं होतं आणि मासा उपाशी होता.

बाबा उठून आले, खाली बसले, एक सुंगट उचलून बोटांत दाबून पाहिलं. "बरी केल्लंस हां तू," म्हणाले. आणि ते विळीजवळ ठेवून, "ह्येका आपण जेवक बोलवलो आणि उपाशी मारलो."

मासा त्यांनी माडाच्या मुळाशी पुरला. त्या पंधरवड्यात आमच्याकडे म्हाळ होता. पितरांच्या नावाने पानं वाढली, कावळ्याची वाडी म्हणजे त्याचा घास कौलांवर ठेवला. बाबांनी मला आणखी एक पान वाढायला लावलं. भात, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सगळं. भटजींनी विचारलं, हे कोणाचं? "उपाशी गेलेल्या पावण्याचा," बाबा म्हणाले. ते पान मी खाडीत सोडलं. भरतीचं पाणी होतं. पान फिरत फिरत आमच्याच होडीला येऊन लागलं आणि तिथेच उलटलं. शेजारच्या काकी हसल्या. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी होडी काकांना देऊन टाकली. मी वाडीतल्या घराघरांतून माझी सुंगटं परत मागितली. निम्म्यांनी दिली, निम्म्यांनी मला वेडी ठरवलं. आणि जी खाडीच्या तळाशी खडकांत अडकली होती, ती कोण परत देणार? ती अजून तिथेच असतील. माझ्या हातचा रंग पक्का होता.

बाबा मुंबईला गेले नाहीत, कारण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वारं गेलं आणि त्यांना तेवढा प्रवास सोसला नसता. दृष्टीही अधू झाली. संध्याकाळी मी त्यांना धरून खाडीच्या पायऱ्यांवर नेऊन बसवी. जेवण पुन्हा तुटलं होतं. मी पान वाढायची आणि ते दोन शितं चिवडून उठायचे. एकदा नुसतंच म्हणाले, "दोरी तरी दी गो हातात." मी दिली. पण गळ लावायचा नव्हता, हे त्यांचंच म्हणणं. गळाशिवाय ओढ कुठून येणार? ते दोरी धरून बसत आणि मी शेजारी बसून त्यांचा हात बघे. तो हात वाट बघत होता.

मी ठरवलं. काकांनी जिवंत सुंगट दिलंय, आज गळही लावलाय, असं त्यांना सांगितलं. मागून आणलेलं आमिष न चालणारा माणूस तो, पण त्याने दोरीसाठी हात पुढे केला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. दोरीच्या टोकाला मी माझं एक प्लास्टिकचं सुंगट बांधलं, गळ काढून टाकलेलं, कारण त्याचं वजन त्यांच्या हाताच्या ओळखीचं होतं. मग, घरी जाऊन येते म्हणून सांगितलं आणि काकांच्या होडीआडून कमरेएवढ्या पाण्यात उतरले. पाण्याखाली दोरी धरली आणि ओढली.

"आसा गो, आसा!" बाबा ओरडले. त्यांनी ओढलं, मी ओढलं. मग मी सोडून दिलं, वळसा घालून धावत आले, दोरीचं टोक वर घेतलं आणि म्हटलं, "खाल्ल्यान आणि गेलो." "जाऊंदेत, जेवलो मां?" म्हणाले. त्या रात्री बाबांनी भात मागून घेतला.

मग हे रोजचंच झालं. ते जेवायला लागले, मला बरं वाटायचं, आणि पाण्यात उभी असताना लाजेने मेल्यासारखंही व्हायचं. जे आम्ही चोणकाला केलं तेच मी बापाला करत होते. त्याच हाताने ओतलेलं, त्याच वजनाचं. त्यांचं हसणं जितकं मोठं, तितकी मला माझी घृणा यायची. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उतरायची, कारण न उतरले तर ते जेवणार नाहीत.

थंडी पडली होती. एका संध्याकाळी मी दोरी धरून ओढली आणि पलीकडून ओढ आलीच नाही. दोरी सैल झाली. होडीआडून मी वाकून पाहिलं. बाबा माझ्या दिशेला तोंड करून बसले होते, दिसत नव्हतं तरी.

"सोड गो आता," ते म्हणाले. "पाण्यात उभी रवान थंडी भरात."

मी निथळत वर आले आणि त्यांच्या पायांशी पायरीवर बसले.  पदर पिळत विचारलं, कधी कळलं?

"पयल्याच दिसाक. मासो जिवाच्या आकांतान ओढता. तू जपान ओढतंस, माझो हात दुखात म्हणान."

"मगे बोललास नाय कित्याक?"

त्यांनी चाचपडत माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. "तू इतक्या मायेन वाढी होतंस," ते म्हणाले, "मी पानावरसून कसो उठतलंय?"